टिपूर पौर्णिमेला कचनेर

कचनेरला गाडीनं तासाभरात पोचता येतं. पण तिथल्या जैन मंदिराच्या कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला संभाजीनगरहून पायीच जायचं, हा आमच्या आत्याचा नेम. ३५-एक किलोमीटर, तेही बीड रस्त्याच्या ट्रकांच्या कडेकडेनं.

निघताना दिवस मावळायच्या आत तिनं दशम्या अन् बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी संपवायला लावली. नंतर उजाडेपर्यंत ती पाण्याचा थेंबही घेत नाही. मी घेते. वाटेत गावकरी चहाची किटली घेऊन उभे होते. मी दोनदा प्याले, ती हात जोडून पुढं सरकली. वर मलाच दम, "बसू नको गं, बसलं की पाय भरून येतात!" तिच्या पायात चप्पलही नव्हती.

चालता चालता कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथाची, म्हणजे जैनांच्या तेविसाव्या तीर्थंकरांच्या तिथल्या मूर्तीची, कथा निघालीच. गाय एकाच जागी पान्हा सोडायची, तिथं खणलं तेव्हा मूर्ती सापडली. पुढं मूर्तीचं मस्तक धडावेगळं झालं. खंडित मूर्ती पूजेत ठेवायची नाही म्हणून दुसरी बसवायचं ठरलं, तेवढ्यात दृष्टांत झाला : तूप-साखरेत सात दिवस पुरून ठेवा. आठव्या दिवशी काढली तर सांधलेली! अडीचशे वर्षांपूर्वीची गोष्ट म्हणून सांगतात.

मला शिलालेखांची खोड. वेरूळला बरं आहे, डोंगरावरच्या पार्श्वनाथाखाली शके ११५६, म्हणजे इ.स. १२३४-३५, चा लेखच आहे. वर्धनापूरच्या चक्रेश्वरानं चारणाद्रीवर, म्हणजे याच डोंगरावर, मूर्ती घडवली, असं त्यात सरळ कोरलंय. त्याआधीच्या, नवव्या-दहाव्या शतकांतल्या जैन लेण्यांत, क्रमांक ३० ते ३४ मध्ये, कमठाचा उपसर्ग, म्हणजे त्यानं ध्यानस्थ पार्श्वनाथांना दिलेला त्रास, पुन्हा पुन्हा दिसतो. कमठ तुटून पडलाय, नागराज धरणेंद्रानं फणा धरलाय, यक्षी पद्मावतीनं छत्र, अन् मधे पार्श्वनाथ ढिम्म हलत नाहीत. मराठवाड्यातली पार्श्वनाथाची ओढ इतकी जुनी. जिंतूरच्या नेमगिरीवर तर अंतरिक्ष, म्हणजे अधांतरी, पार्श्वनाथ आहेत.

तरी तूप-साखरेची कथा मला कोरीव लेखापेक्षा कमी वाटत नाही. नियमानं बाद ठरलेली मूर्ती लोकांनी सोडली नाही, एवढं तरी तिच्यातून कळतं. मी आत्याला डिवचलं, "पण खंडित ती खंडितच ना?" ती म्हणाली, "तुझ्या आज्ज्याचा हात मोडला होता, मग काय त्याला घराबाहेर काढला होता का?" मागच्या दोघी बायका फस्सकन हसल्या.

पहाटे थंडी झोंबत होती. कापसाची शेतं दिसू लागली तसा णमोकार मंत्राचा आवाज चढला. मंदिरात ही गर्दी! अष्टाह्निकेचा, आठ दिवसांच्या पर्वाचा, शेवटचा दिवस. अभिषेकाचा कलश कोणी ढाळायचा यासाठी देणगीच्या बोल्या चालू होत्या. बोल्यांचं मला कधीच फारसं कौतुक नाही, पण धार मूर्तीवर पडली की सगळा मंडप एकदम माना उंचावतो, त्यात मीही. आत्यानं गंधोदक, म्हणजे अभिषेकाचं पाणी, कपाळाला, डोळ्यांना लावलं, आणि मग वाकून दोन बोटं स्वतःच्या गुडघ्यांनाही.

परतीला मात्र जीप केली. तिनंच थांबवली.