रत्नागिरीचं मत्स्यालय आणि मिरकरवाडा बंदर: निघण्याआधी हे वाचा

पर्यटनाच्या याद्यांमध्ये रत्नागिरीपुढे ‘मेरिटाइम म्युझियम’ असं लिहिलेलं सापडतं आणि फसगत तिथेच होते. हे ‘मरीन’ म्युझियम आहे. गलबतं, होकायंत्रं, आंग्र्यांच्या तोफा यातलं इथे काहीही नाही. आरमाराचा इतिहास हवा असेल तर विजयदुर्ग गाठा, वाघोटण खाडीत खडक फोडून केलेली गोदी तिथे आजही दिसते. इथे आहेत ते मासे, शंख-शिंपले आणि एक भलामोठा सांगाडा. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं हे संग्रहालय पेठकिल्ला भागात, मिरकरवाडा या मासेमारी बंदराच्या लगत आहे.

दुसरी चूक रिक्षात होते. ‘फिशरीज’ म्हणालात तर थेट शिरगावला, मत्स्य महाविद्यालयात पोचाल. ‘मिरकरवाड्याचं मत्स्यालय’ असंच सांगा. रेल्वे स्टेशन शहराबाहेर सहा-सात किलोमीटरवर आहे, तिथून किल्ला, थिबा राजवाडा, मांडवी असं सगळं एकत्र करून भाव सांगितला जातो. घेऊ नका. फक्त मत्स्यालयापर्यंतचं भाडं आधी ठरवा, पुढे बंदरापर्यंत चालतच जायचं आहे. बाकीच्या ठिकाणांबद्दल भरपूर लिहिलेलं आहे.

टाक्यांमधले मासे बदलत राहतात, त्यामुळे ‘अमुक मासा दिसेलच’ या भरवशावर मुलांना नेऊ नका. पावसाळ्यात तर टाक्यांवर फार आशा ठेवू नये, समुद्राचं पाणी गढूळ होतं आणि त्याचा खारेपणाही उतरतो. वेळ द्यावा तो सुमारे ५५ फुटांच्या देवमाशाच्या सांगाड्याला. नुसता लांबीचा फोटो काढून पुढे सरकू नका, बाजूच्या वल्ह्यासारख्या पराकडे बघा. खांद्यापाशी एक आखूड जाड हाड, पुढे दोन हाडं, मग मनगट आणि बोटांची पेरं. आपल्या हाताचीच मांडणी, फक्त कातडीच्या आत बंद झालेली. मागच्या पायांची जागा मात्र रिकामी. हे एवढं नीट पाहिलं तरी खेप वसूल.

बरण्यांमधले नमुने पाहून बरेच लोक नाराज होतात, कारण फॉर्मालिनमध्ये रंग उडतो आणि सगळेच मासे पिवळट दिसतात. तिथे रंग शोधायचा नसतो, आकार पाहायचा. पापलेट आणि हलवा ही जोडी घ्या. हलव्याला इंग्रजीत काळं पापलेट म्हणतात, पण तो पापलेटच्या कुळातला नाही. शेपटीच्या देठावर त्याला कडक, करवतीसारखे खवले असतात. पापलेटचा देठ गुळगुळीत असतो. हा फरक बरणीत डोळ्यांनी टिपा, मग बंदरावर माशाच्या देठावरून हाताचं बोट फिरवून खात्री करा. म्हणून आधी संग्रहालय, नंतर बंदर. उलट केलंत तर बंदरावर नुसती गर्दी दिसेल.

आता जेटी. सगळ्यात वाईट टप्पा हाच आणि याबद्दल कुणी सांगत नाही. वितळलेला बर्फ, खवले आणि डिझेल यांचा थर सिमेंटवर असतो. साध्या चपलेचा तिथे टिकाव लागत नाही, खाचांच्या तळाचे रबरी बूट किंवा मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. ताणलेल्या दोरावर पाय देऊ नका, तो ओलांडतानाही थांबून बघा. बोट लाटेवर हलली की सैल पडलेला दोरही एका झटक्यात घोट्याइतका वर येतो. खाली पडलेल्या शिंगाळा माशाला हात लावू नका. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो, चपलेच्या तळातूनही घुसतो. टोचलाच तर सोसेल तितक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं. पाकट या चपट्या माशाच्या शेपटीचा काटाही तसाच. वल्ह्यासारखी चपटी शेपटी दिसली तर तो समुद्री साप, लांब व्हा. लिलाव सुरू असताना मध्ये शिरून फोटो काढू नका. विचारलंत तर बहुतेक जण हो म्हणतात.

वेळ चुकली तर सगळा फेरा वाया. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा फक्त नांगरलेल्या बोटी दिसतील. ऑगस्टमध्येही पुष्कळ बोटी नारळी पौर्णिमेनंतरच बाहेर पडतात. पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळायची मोठी) जाळी बघायची असतील तर सप्टेंबर ते डिसेंबर. बंदराच्या तोंडाशी गाळ साठतो, त्यामुळे मोठ्या बोटी भरती साधून आत येतात. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीनच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा आणि त्याच्या तासभर आधी जेटीवर असा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, कालच्या वेळेवर आज जाऊ नका.

मासे घ्यायचेच तर लिलावात पडू नका, तिथे पाटीच्या हिशेबात बोली लागते. बाहेर बसलेल्या बायकांकडे घ्या, पण भाव किलोचा की वाट्याचा हे आधी विचारा. वाटा वरून भरलेला दिसतो, तळाचे मासे उलटून बघा. कल्ले लालभडक, डोळा फुगीर आणि स्वच्छ, दाबलेलं मांस लगेच वर येणारं. यातलं एक जरी कमी असेल तरी उठा.

मुंबईला न्यायचे असतील तर थर्माकोलचा डबा आणि माशांच्या वजनाइतका कुटलेला बर्फ. दोन किलो मासे, दोन किलो बर्फ. तळाशी बर्फ, मग मासे, मग पुन्हा बर्फ, वरचा थर बर्फाचाच. पोट साफ करूनच भरा, आतड्यांमुळे मासा सगळ्यात आधी बिघडतो. डब्याच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी लावा आणि झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी, नाहीतर चिपळूणच्या आतच पाणी सीटखालून वाहायला लागेल.