आमची वाटचाल: मार्चमधले दोन शनिवार-रविवार

मार्च सरता सरता दोन शनिवार-रविवारी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मेपल झाडांचा रस आटवून सिरप करणाऱ्या मेपलवाल्यांची दारं सगळ्यांना उघडी असतात. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. इथल्या मेपलवाल्यांची १८९३ पासूनची संघटना आहे, ती तारखा ठरवते आणि नकाशा काढते. बाकीचं ज्याचं त्याने बघायचं. आमचं शुगरहाऊस, म्हणजे रस आटवायची जागा, त्या नकाशावर २०१२ पासून आहे. आमच्या किरकोळ विक्रीतला मोठा हिस्सा या चार दिवसांत होतो, नाहीतर या चार दिवसांत ओळख झालेल्या गिऱ्हाइकांकडून वर्षभर येत राहतो. त्यामुळे धंद्याची वाटचाल लिहायची तर ती या ओपन हाऊसभोवतीच लिहावी लागेल.

मी मूळचा करवीर तालुक्यातला. घरचं गुऱ्हाळ होतं. ऊस साखर कारखान्याला जायला लागला तसं ते बंद पडलं. शिकून मी इकडे आलो, एसेक्स जंक्शनच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात नोकरी धरली आणि फ्रँकलिन काउंटीत घर घेतलं. घरामागे उतारावर शुगर मेपलचं रान होतं. शेजारी दूधदुभत्याचा धंदा करणारे आजोबा. त्यांनीच पहिल्या हिवाळ्यात बादल्या आणि ड्रिल घेऊन येऊन झाडाला टॅप कसा मारायचा, म्हणजे भोक पाडून रसाची तोटी कशी बसवायची, ते दाखवलं. पुढचं नेहमीसारखंच झालं. बादल्या गेल्या, झाडाझाडांतून निळ्या नळ्या आल्या, व्हॅक्यूम पंप आला, जुना पण धड असलेला लाकडावरचा इव्हॅपोरेटर, म्हणजे रस आटवायची भट्टी, आला. नोकरी सुटली नाही, सोडायची वेळही आली नाही. आम्ही लहान आहोत आणि लहानच राहायचं ठरवलंय.

लहान राहायचं तर माल दारातून विकला गेला पाहिजे, हे गणित लवकर कळलं. एका गॅलन सिरपचं वजन साधारण अकरा पौंड. पिंपं भरून ठोकात द्यायचं म्हटलं तर पौंडाला दोन-सव्वादोन डॉलर हातात पडतात, आणि तो भावही बऱ्याच अंशी सीमेपलीकडे क्यूबेकमध्ये ठरतो, कारण जगातलं बहुतेक सिरप तिथेच बनतं. तोच गॅलन दारात पन्नास-साठ डॉलरला जातो. हजारो टॅप असणाऱ्याला ठोक परवडतं. आम्हाला तो धंदा म्हणजे लाकूडफाट्याचा खर्च निघाला तर निघाला.

पण दारात माणूस आणायचा कसा? आमचा रस्ता कच्चा, गावापासून लांब, आणि पाटी वाचून कोणी आत वळेल अशी आमची आडनावंही नाहीत. ओपन हाऊसने ते काम फुकटात केलं. नकाशावर टिंब पडलं की लोक आडनाव बघत नाहीत.

पहिलंच वर्ष कसं गेलं ते इथले मेपलवाले अजून विसरलेले नाहीत. २०१२ चा मार्च. मेपलचा रस चालायला रात्री पारा शून्य सेल्सियसच्या खाली आणि दिवसा चार-सहा अंश वर असा खेळ लागतो. रात्र गोठली नाही तर दिवसा रस येत नाही. त्या वर्षी ऐन मार्चमध्ये उन्हाळा आला. बर्लिंग्टनला पारा ८० फॅरनहाइटच्या आसपास गेला, झाडांना कळ्या फुगल्या. कळ्या फुगल्यावर रस आला तरी सिरपला एक उग्र, नकोशी चव येते, ते टेबलावर ठेवता येत नाही. आमची भट्टी थंड, टाकी रिकामी, आणि आवारात बॉस्टनच्या, माँट्रियलच्या नंबरप्लेटच्या गाड्या. बर्फावर गरम पाक ओतून खायची इथली जुनी रीत आहे, सोबत साधा डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं. त्यासाठी बर्फ तरी हवा! नशिबाने हिने फेब्रुवारीतच चेस्ट फ्रीझरमध्ये स्वच्छ बर्फ दाबून ठेवला होता. पाहुणे अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून उन्हात उभे राहून बर्फावरचा पाक खात होते.

त्या दिवसांपासून एक प्रश्न दर वर्षी पुढे येतो. तारखा माणसं ठरवतात, रस हवा ठरवते. मग रस नसेल त्या दिवशी आलेल्यांना दाखवायचं काय? काही जण पॅनमध्ये साधं पाणी उकळतात. छपरावरच्या झरोक्यातून वाफेचे लोट निघाले की लांबून गाड्या वळतात. त्यांना नावं ठेवायचं मला कारण नाही, पण आमच्याकडे ते करायचं नाही असं आम्ही ठरवलं. रस आदल्या दिवशीचा राखून ठेवता येतो, पण तोही बेतानेच. रस दुधासारखाच नासतो. रिव्हर्स ऑस्मोसिसच्या मशीनमधून पाणी काढून तो दाट केला, की साखर वाढते आणि नासायची घाईही वाढते. थंडी असेल तर शुक्रवारची टाकी शनिवारी सकाळपर्यंत निभावते. उबाऱ्याला तेवढाही भरवसा नाही.

म्हणून आमचा नियम सरळ आहे: त्या दिवशी जे काम असेल ते लोकांसमोर करायचं. रस आला तर उकळायचा. नाही आला तर बाटल्या भरायच्या; सिरप १८० फॅरनहाइटच्या वर तापवून गरमच भरावं लागतं, तेही लोक उभे राहून बघतात. तेही काम नसेल तर पॅन घासायचा. उकळताना पॅनच्या तळाशी चुन्यासारखा एक कडक थर धरतो, इथे त्याला शुगर सँड म्हणतात. एका वर्षी मी तो व्हिनेगर घालून खरवडत बसलो होतो, तर शाळेतल्या पोरांचा सगळ्यात मोठा घोळका तिथेच. चवीला ते वाळूसारखं लागतं का, हे बघायचा मोह एकालाही आवरला नाही.

रस येतो तेव्हा मात्र बोलायला फुरसत नसते. दर सात-आठ मिनिटांनी भट्टीचं दार उघडून लाकडं टाकायची. मागच्या खोल पॅनमधून रस पुढच्या सपाट पॅनमध्ये सरकत येतो, रंग पाण्यासारखा असतो तो मधासारखा होतो. पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा सात अंश फॅरनहाइट वर गेला की सिरप झालं. त्या दिवशी हवेचा दाब कमी असेल तर पाणीच कमी अंशाला उकळतं, म्हणून रोज सकाळी आधी पाणी उकळून काटा बघायचा. शेवटचा कौल पळीचा: पळी तिरकी धरल्यावर थेंब न पडता कडेवरून पडदा सुटला पाहिजे. मग दाटपणा मोजायचा हायड्रोमीटर. व्हरमाँटमध्ये सिरप ६६.९ ब्रिक्सच्या, म्हणजे साधारण तेवढे टक्के साखरेच्या, खाली चालत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय नियमापेक्षा आमची अट थोडी कडक आहे आणि ते सांगायला आम्हाला आवडतं.

पाहुण्यांतल्या गणिताची आवड असणाऱ्यांसाठी फळ्यावर एक नियम लिहून ठेवलाय. ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्याने भागा, एका गॅलन सिरपला किती गॅलन रस लागेल ते येतं. व्हरमाँट विद्यापीठातल्या जोन्स यांनी १९४६ साली तो बसवला. आमचा रस बहुधा दोन टक्क्यांचा, म्हणजे त्रेचाळीस गॅलन. हा भागाकार स्वतः केलेला माणूस किमतीबद्दल पुन्हा विचारत नाही, असा माझा अनुभव आहे. निदान इथला नाही विचारत. आपला माणूस भागाकार करूनही विचारतो, "दोन घेतले तर कितीला द्याल?"

आपली माणसं यायला लागली ती हळूहळू. बॉस्टनकडची मराठी मंडळी आधी एका गाडीने आली, मग चार गाड्यांनी. पाडवा याच सुमारास येतो, त्यामुळे सणाची सहल जोडून घेतात. एका वर्षी सांगलीकडच्या एक आजी मुलाकडे आल्या होत्या, त्याही आल्या. नऊवारीवर मुलाचं जॅकेट, पायात नातीचे बूट. दोरीच्या अलीकडे उभ्या राहून त्यांनी बराच वेळ पॅन न्याहाळला.

"मळी कधी काढता?"

"आजी, शेवटी गाळून घेतो, फिल्टर प्रेसमधून."

"आणि फेस उतू आला म्हणजे?"

तेवढ्यात आलाच. फेसाचा डोंगर काठाशी पोचला, मी बाटलीतून दोन थेंब तेल टाकलं, डोंगर बसला. आजी खूश. "आमच्याकडे एरंडेल टाकत. आणि मळीला भेंडी." मग त्यांनी वाटीत गार पाणी मागितलं आणि तयार सिरपचा थेंब त्यात सोडला. गोळी काही झाली नाही, थेंब पसरला.

"कच्चं आहे. जाळ वाढव बाळा."

आमच्या बाजूला उभे असलेले शेजारचे आजोबा विचारायला लागले, काय म्हणतात त्या? मी सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या आज्याच्या लहानपणी सगळे असंच आणखी आटवून साखर करत, सिरप नंतर आलं. ते खरंच आहे. पूर्वी इथे मेपलची साखरच व्हायची; उसाची स्वस्त साखर आली आणि ती मागे पडली, मग सगळे सिरपकडे वळले. आणि त्याच्याही खूप आधी, गोरा माणूस इथे यायच्या आधीपासून, इथले मूळ रहिवासी अबेनाकी लोक हा रस आटवत होते. आम्ही आता छोट्या कढईत थोडी साखरही घोटतो. तिचा खप माफक आहे, पण घोटायला पोरं रांग लावतात.

खाऊच्या टेबलावर भारतीय पदार्थ मांडावेत का, यावर घरात एक-दोनदा चर्चा झाली. मी नको म्हणालो. गावातली माणसं डोनट आणि लोणच्यासाठी येतात, त्यांची आवड त्यांना मिळायला हवी. फक्त चहा आमचा ठेवला, आल्याचा, सिरप घातलेला. दोन-तीन अंश थंडीत रांगेत उभ्या माणसाला तो कोणत्या देशातला आहे याची फिकीर नसते.

चवीच्या टेबलाने मात्र आमचा धंदा बदलला. सिरपचे रंगावरून चार प्रकार: गोल्डन, अँबर, डार्क, व्हेरी डार्क. हंगामाच्या सुरुवातीचं फिकं आणि नाजूक, शेवटचं काळसर आणि ठसकेबाज. आम्ही पढवल्यासारखे गोल्डन पुढे करायचो, बाकीचं पिंपात भरून ठोकात जायचं. पूर्वी नावंही तशीच होती, फिक्याला फॅन्सी आणि काळ्याला चक्क बी ग्रेड. २०१४ मध्ये व्हरमाँटने नावं बदलली. चार छोट्या वाट्या ओळीने मांडून, काही न सांगता, कोणती घेणार असं विचारायला लागलो तेव्हा दिसलं की बहुतेक बोटं तिसऱ्या वाटीकडे जातात. काकवीवर वाढलेला मराठी माणूस तर थेट चौथीकडे. आता डार्क आम्ही ठोकात एक थेंबही देत नाही, आणि एवढ्याने जो फरक पडला तो टॅप वाढवूनही पडला नसता.

सगळ्यात मोठी डोकेदुखी चिखलाची. मार्चमध्ये इथे जमीन वरून वितळते आणि खाली गोठलेली असते, पाणी मुरायला जागा नाही. कच्चे रस्ते लापशी होतात. आमचं पार्किंग म्हणजे गवताचं कुरण. दुपारपर्यंत त्यात गाड्या रुतायला लागतात. शेजारचे आजोबा ट्रॅक्टर घेऊन फाटकाशीच बसतात आणि गाड्या ओढून काढतात. त्याचे पैसे घेत नाहीत, अर्धा गॅलन डार्क घेतात. दोन वर्षांपूर्वी कुरणाच्या कडेला खडी टाकून घेतली. त्या बिलाचा आकडा मी मेपलच्या कोणत्याही यंत्राइतक्याच गांभीर्याने लक्षात ठेवलाय.

बाकी काळजी आहेच. इव्हॅपोरेटरभोवती दोरी, लहान मुलांना हात धरूनच आत, विम्याचा हप्ता. २०२१ च्या अॅग्रीटुरिझमच्या, म्हणजे शेती पर्यटनाच्या, कायद्यानंतर दाराशी इशाऱ्याची पाटी लावली. त्याआधीचं, २०२० चं ओपन हाऊस कोविडमुळे झालंच नाही. रस मात्र थांबला नव्हता, आम्ही उकळत होतो आणि बघायला कोणी नाही. पडवीत फडताळ ठेवलं, त्यावर बाटल्या आणि पैशांचा डबा. लोक यायचे, बाटली उचलायचे, नोट टाकायचे, गाडीतून हात करायचे. ते फडताळ अजून आहे, आणि डब्यात कधी पैसे कमी भरले नाहीत.

झाडाला इजा होते का, हे प्रत्येक जण विचारतो, म्हणून आता आम्ही पाहुण्यांना आधी रानात नेतो. छिद्र करंगळीपेक्षा बारीक, ५/१६ इंचाचं, आणि दीड-दोन इंच खोल. दहा-बारा इंच व्यासाच्या आतल्या झाडाला हात लावायचा नाही. तेवढं व्हायला झाडाला चाळीसेक वर्षं लागतात. हंगाम संपला की तोटी काढून घ्यायची, जखम झाड स्वतः भरून काढतं, पुढच्या वर्षी छिद्र दुसऱ्या जागी. जुन्या छिद्रांचे भरलेले वण बोटाने चाचपता येतात. नळ्यांना खारींनी पाडलेली भोकंही तिथेच दाखवतो. आमचा खरा वैरी म्हणजे खार.

यंदाही दोन्ही शनिवार-रविवार दार उघडं आहे. उंच बूट घालून या, छोटी गाडी असेल तर खडीवरच लावा. रस चालला तर उकळताना बघाल, नाहीतर हातात घासणी देऊ. चहा दिवसभर आहे. डोनट दुपारी दोनपर्यंत संपतात.