गुडघ्यात पू झाला तेव्हा: चार आठवड्यांची अँटिबायोटिक्स

वडिलांचा उजवा गुडघा रातोरात सुजला, ताप चढला, पाय हलवू देईनात. मधुमेह आहेच, त्यात महिन्यापूर्वी त्याच गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं होतं. असा एकच सांधा तापला तर वात समजून शेकत बसू नका. पुवाने कूर्चा काही दिवसांत खराब होते.

कोथरूडमध्ये घराजवळ आधी दाखवलं, तिथे लगेच अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून मिळाल्या. त्या सुरू न करता आम्ही रिक्षाने थेट हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो, ते बरं झालं. पेशंट अत्यवस्थ नसेल तर पहिला डोस सांध्यातलं पाणी काढल्यावरच द्यायचा, नाहीतर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, जंतू न सापडण्याची शक्यता वाढते. निरोगी सांध्यातल्या पाण्यातून छापील अक्षरं वाचता येतात; वडिलांच्या गुडघ्यातलं ताकासारखं गढूळ होतं. त्यात पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ८२,००० निघाल्या. ५०,००० च्या वर गेल्या की जंतुसंसर्गाचा संशय बळावतो. ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), कल्चर आणि गाउटचे (युरिक ॲसिडमुळे होणाऱ्या सांधेदुखीचे) स्फटिक, तिन्ही तपासायला सांगा. थोडं पाणी ब्लड कल्चरच्या बाटलीतही घालावं, जंतू सापडण्याची शक्यता वाढते. दोन्ही हातांतून रक्ताचं कल्चरही घेतलं.

त्याच संध्याकाळी दुर्बिणीतून सांधा धुतला. पू आत साचलेला असेल तर नुसतं औषध पुरत नाही.

सुरुवात व्हँकोमायसिन या शिरेतून द्यायच्या अँटिबायोटिकने झाली. एक ग्रॅमला किमान तासभर लावायचा, घाईने सोडलं तर चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: स्टॅफ ऑरियस हा जंतू, मेथिसिलिनला दाद देणारा, म्हणजे सेफॅझोलिनसारख्या अँटिबायोटिकने मरणारा. लगेच सेफॅझोलिन, दर ८ तासांनी २ ग्रॅम. ‘भारी औषध का बंद केलं?’ असं नातेवाइकांनी विचारलं. पण या जंतूवर सेफॅझोलिनच जास्त परिणामकारक, आणि किडनीलाही सोसतं.

दोन आठवडे शिरेतून, मग लिनेझोलिड या अँटिबायोटिकची ६०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, आणखी दोन आठवडे. ही गोळी जवळजवळ पूर्ण शोषली जाते. मात्र प्लेटलेट घटू शकतात, म्हणून दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवीच. नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, काहींशी तिचं जमत नाही.

दुखणं आठव्या दिवशीच थांबलं होतं. बरेच जण इथेच औषध सोडतात आणि पू परत होतो. आम्ही रक्तातल्या सीआरपीकडे बघत राहिलो; हा सूज दाखवणारा आकडा आजार हटला की भराभर उतरतो. सूज दाखवणारा दुसरा आकडा, ईएसआर, रेंगाळतो, एवढ्यावरून घाबरू नये. गुडघा वाकवण्याचे व्यायाम मात्र दुखणं सोसवायला लागताच फिजिओथेरपिस्टकडून सुरू करा, नाहीतर जंतू जातात आणि गुडघा आखडलेला राहतो.