डोळ्यांभोवतीच्या कड्यांवरून पटलेली हार्वेस्टमनची ओळख

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात ऑगस्ट सरत आला की घरांच्या भिंतींवर मुगाच्या दाण्याएवढे शरीर आणि अतिशय लांब, काळपट पाय असलेले हार्वेस्टमन, म्हणजे कोळ्यासारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले आठ पायांचे जीव, दिसू लागतात. आमच्या भिंतीवरच्या हार्वेस्टमनची प्रजाती कोणती, हे मला ठरवायचे होते. तो कोळी नाही, हे लगेच कळले, कारण कोळ्यासारखी बारीक कंबर त्याला नव्हती, शरीर एकसंध होते आणि पाठीवरच्या छोट्या उंचवट्याच्या दोन बाजूंना मिळून दोनच डोळे होते.

त्याला चिमटीत धरण्याचे मी टाळले. धरल्यास हा जीव पाय तोडून निसटतो आणि तुटलेला पाय पुन्हा येत नाही. पारदर्शक डबीत ठेवून वरून, बाजूने आणि खालून छायाचित्रे घेतली. डोळ्यांच्या पुढे, शरीराच्या कडेवर काट्यांचा त्रिशूळ नव्हता, त्यामुळे ओडिएलस वंश बाद झाला. तोंडाजवळचे स्पर्शक दुभंगलेले नव्हते, म्हणून डिक्रॅनोपाल्पसही वगळला. फॅलँजियम ओपिलिओच्या नराच्या जबड्यांवर शिंगासारखे उंचवटे असतात, तेही येथे नव्हते. गोलसर, नारिंगी-तपकिरी शरीर आणि केसासारखे पाय पाहता लिओबुनम वंशाकडे कल झाला.

खरी अडचण येथून पुढे होती, कारण लिओबुनम रोटुंडम आणि लिओबुनम ब्लॅकवॉली या दोन्ही प्रजाती ब्रिटनमध्ये आढळतात आणि वरवर पाहता सारख्याच भासतात. पहिलीचे वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लात्रेय यांनी 1798 मध्ये केले, तर दुसरीचे 1861 मध्ये मीड यांनी, जे याच परगण्यातील ब्रॅडफर्डचे शल्यचिकित्सक होते. माद्यांच्या पाठीवरील गडद पट्ट्याच्या आकारातही फरक असतो, परंतु माझ्यासमोर नर होता आणि त्याच्या पाठीवर तसा पट्टा नव्हता. त्यामुळे डोळ्यांचा उंचवटा हेच मुख्य लक्षण उरले. ब्लॅकवॉलीमध्ये डोळ्यांभोवती फिकट पांढरी कडी असतात, रोटुंडममध्ये ती काळपट असतात. फ्लॅशचा प्रकाश चमकदार भागावरून परावर्तित होऊन पांढरा डाग दिसतो, म्हणून फ्लॅश बंद करून दिवसाच्या उजेडात दहापट भिंगातून पाहिले. कडी काळीच होती.

नोंदीत मी लिओबुनम रोटुंडम, प्रौढ नर, असे लिहिले आणि सोबत डोळ्यांचे छायाचित्र जोडले. शेजारच्या वेलीवरील लहान पिल्लांची नोंद मात्र केवळ लिओबुनम एवढीच ठेवली आहे.