अण्णांची गाडी माझ्या नावावर करताना

गाडी अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावावर, पत्ता गंगाखेडचा. चालवत होते मात्र मी, रोज परभणीत. नूतनीकरण जवळ आलं तेव्हा भाऊ म्हणाला, "पॉलिसीत दोघांची नावं टाकून घ्या, म्हणजे झालं."

आमच्या एजंट काकांनी फोनवरच ते मोडीत काढलं. "ताई, विमा गाडीचा असतो. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीवर ज्याचं नाव, त्याचीच पॉलिसी. तुमच्याकडं चालू लायसन आहे, अण्णांची परवानगी आहे, मग तुम्ही चालवली तरी गाडीचं नुकसान आणि थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याचं नुकसान, दोन्ही त्यात येतं. दुसरं नाव कशाला?"

म्हणजे आमचा विमा आधीपासूनच सामाईक होता. हप्ता मी भरायचे, सही अण्णा करायचे. वाद व्हायचा तो क्लेमवरून. गेल्या हंगामात उसाची ट्रॉली घासून गेली आणि बंपर फुटला. मी क्लेम करू म्हटलं, तर अण्णांनी साफ नकार दिला. कारण त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट. पहिल्या वर्षी २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के अशी ती शिडी; एक क्लेम केला की पुढच्या वर्षी पुन्हा शून्य. अण्णा ५० वर बसलेले. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीच्या नाही. तरी हिशोब केल्यावर बंपरचे पैसे गॅरेजवाल्याला खिशातून देणंच परवडलं. अण्णांचं बरोबर होतं.

मला खटकलं ते वेगळंच. पॉलिसीत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कवच होतं, पण ते मालक-चालकाचं, म्हणजे अण्णांचं. रोज स्टिअरिंगवर मी आणि कवच त्यांना! मावसभाऊ वकील आहे. त्यानं सर्वोच्च न्यायालयाचा २००९ सालचा निंगम्मा खटला सांगितला. दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा राहतो, त्यामुळं त्या गाडीच्या पॉलिसीत त्याला तिसरा पक्ष धरत नाहीत; त्याला स्वतःला काही झालं तर थर्ड पार्टीची भरपाई मिळत नाही. अण्णांनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग करून टाक तुझ्या नावावर."

काकांनी लगेच तोटा दाखवला. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. नाव बदललं की माझी सुरुवात शून्यापासून. बापलेकीतही तो देता येत नाही. "हां, मालक वारला आणि गाडी पोरांकडं आली, तर मात्र मिळतो," काका बोलून गेले आणि मग गप्प झाले. अण्णा मनापासून हसले. "एवढ्यासाठी थांबायचं का रे?"

आरटीओचं काम रटाळ, पण अवघड नाही. परिवहनच्या साइटवर अर्ज केला. फॉर्म २९ आणि ३०, त्यावर चासी नंबरची पेन्सिलनं घेतलेली छाप, चालू विमा, पीयूसी, दोघांचे कागद. गाडीवर कर्ज नव्हतं, म्हणून बँकेच्या पत्राची कटकट वाचली.

खरी घाई त्यानंतर करायची असते. नावबदल झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं. थर्ड पार्टीचा भाग कायद्यानं आपोआप नव्या मालकाकडं येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं तसं नाही. पॉलिसी माझ्या नावावर झाली नसती आणि मधेच गाडी ठोकली असती, तर नाव नसल्याच्या कारणावरून क्लेम नाकारला गेला असता. पॉलिसीच्या उरलेल्या दिवसांपुरता बोनसचा फरकही माझ्याकडून भरून घेतला. नूतनीकरण तोंडावर होतं म्हणून तो थोडक्यात भागला. वर्षाच्या सुरुवातीला हे केलं असतं तर चांगलाच भुर्दंड बसला असता. अपघात कवच आता माझ्या नावाचं आहे.

अण्णांचे ५० टक्के वाया गेले नाहीत. त्यांच्या नावानं बोनसचं प्रमाणपत्र मागून घेतलं. तीन वर्षांत त्यांनी दुसरी कार घेतली तर ती सूट तिथं वापरता येते. तेव्हापासून ते पेपरातल्या गाड्यांच्या जाहिराती बारकाईनं वाचतात. आई म्हणते, हजारांची सूट वाचवायला लाखांची गाडी घेणारा माणूस गंगाखेडात हा एकच.

आता एक काम राहिलंय. पंचावन्नीनंतर लायसन पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतं आणि अण्णांचं संपत आलंय. गावी गेले की गाडी तेच चालवणार, त्यामुळं डॉक्टरचा फॉर्म १-अ आधी भरून घ्यायचाय.