घुबड सरळ लेन्समध्ये बघतं

आम्हा खान्देशातल्या लोकांना झू बघायचं म्हणजे एक तर कन्नडचा घाट चढून संभाजीनगरचं सिद्धार्थ उद्यान, नाहीतर थेट इंदोर, सोबत पोरंसोरं, कळण्याच्या भाकरी, ठेचा, आणि एवढं करून पोचावं तर वाघ झोपलेला. तरी सगळे मोबाईल त्याच्याकडेच, आणि सगळ्यांच्या फोटोत तीच एक पिवळी पाठ. मी हल्ली तिथे थांबतच नाही. सरळ पक्ष्यांकडे जातो, आणि एखाद्या पिंजऱ्यात घुबड दिसलं की मग मला हलवणं अवघड.

कारण बाकीचे प्राणी फोटोत प्राणीच दिसतात, घुबड मात्र कुणीतरी दिसतं. दोन्ही डोळे समोर, आणि डोळा मिचकावताना पापणी वरून खाली येते, माणसासारखी, त्यामुळे अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचा फोटो म्हणजे दुपारी जेवून ओट्यावर बसलेले आजोबाच. ते डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून मान फिरते, जवळजवळ 270 अंश. तेव्हा पाठ करून बसलं असेल तरी निघून जायचं नाही, थांबायचं, मान वळतेच.

जाळीचा तेवढा वैताग. कॅमेरा घुबड सोडून जाळीवर फोकस करत बसतो. लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची (अर्थात बाहेरचं रेलिंग न ओलांडता), ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) पूर्ण उघडं, झूम जास्तीत जास्त, आणि पक्षी जाळीपासून लांब बसलेला असला की तारा फोटोतून गायबच होतात. काच असेल तर आपल्या मागे कुणालातरी गडद ओढणी धरून उभं करायचं, रिफ्लेक्शन जातं. फ्लॅश अजिबात नाही.

असाच एक झकास फोटो मी हॉलमध्ये लावायला काढला तर आजी उखडलीच, घुबड घरात? म्हटलं अगं लक्ष्मीचं वाहन आहे ते. तर म्हणे, "मंग लक्ष्मीना फोटो लाव ना रे, तिनी गाडीना कशाले लावस?" विषय संपला. फोटो मोबाईलमध्येच आहे.

खरं तर घुबडासाठी आम्ही घाट चढायची गरजच नाही. रानपिंगळा म्हणून एक छोटं घुबड आहे, ते आपल्याकडचंच. तो 1884 नंतर कुणाला सापडलाच नव्हता, संपला म्हणून सोडून दिला होता. मधे 1914 चा म्हणून एक नमुना म्युझियममध्ये होता, पण तो माइनर्ट्झहागेन नावाच्या गोऱ्या साहेबाने चोरलेला जुनाच पक्षी निघाला, खोटं लेबल लावलेला, आणि त्या लेबलापायी लोक भलतीकडेच शोधत बसले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञांनी ही लबाडी उघडी पाडली आणि मग नोव्हेंबर 1997 मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो पक्षी भेटला कुठे, तर आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ! भरदिवसा, झाडावर उघडा बसलेला. फोटो निघाले, व्हिडिओ निघाला.

आता सातपुड्याकडे गेलो, तोरणमाळ नाहीतर यावल, की दिसेल त्या पिंगळ्याचं डोकं आधी झूम करतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपकेच ठिपके, रानपिंगळ्याचं जवळजवळ कोरं. वाटेने जाणारा विचारतो, "काय काढी राहिना भो?" आणि मी घाईत सांगतो, ठिपके बघतोय.