स्लॉट आमचा, टाईम त्यांचा

हक्कसोड पत्र करायचं म्हणजे काय असतंय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत. आजोबांच्या नावची जमीन, आजोबा जाऊन जमाना झाला, उताऱ्यावर आता बाबा, काका आणि तिन्ही आत्यांची नावं. एक आत्या चंदगडला, एक गडहिंग्लजला, धाकटी पुण्यात मुलाकडं, काका खानापूरला. सीमाभागातलं कुठलंही घर घ्या, हेच असणार, अर्धी सोयरीक तिकडं अर्धी इकडं. सोयरीक जुळवताना कोण राज्य बघतंय, ते बघायची वेळ रजिस्टरच्या दिवशी येते.

(2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलग्याएवढाच हक्क आहे, त्यामुळं आत्यांच्या सह्या लागतात. त्यांनी हक्क सोडावाच असं मला स्वतःला वाटत नाही, पण हे घरात बोललो तर जेवण मिळणार नाही, त्यामुळं इथंच लिहून ठेवतो.)

तर सगळ्यांना एका दिवशी एका ठिकाणी आणायचं म्हणजे मुहूर्त काढल्यासारखंच. पुण्याच्या आत्याच्या मुलाला सुट्टी पाहिजे, गडहिंग्लजच्या आत्याची शुगर, काकांचं भात कापणीला आलेलं. आणि त्यात स्लॉट. पूर्वी कसं होतं, सकाळी ऑफिसच्या बाहेर जाऊन बसायचं, बाँड रायटर, म्हणजे दस्त लिहून देणारा, कागद घेऊन आत-बाहेर करायचा, नंबर लागेल तेव्हा लागेल. आता कर्नाटकात 2023 पासून कावेरी 2.0 आलंय, म्हणजे दस्त नोंदणीचं ऑनलाईन पोर्टल. सगळी माहिती आपण घरातनं भरायची, ऑफिसवाले ऑनलाईन तपासणार, मग फी भरायची, मग स्लॉट घ्यायचा, त्या वेळेला जाऊन फोटो-अंगठा देऊन यायचं, दहा मिनिटांचं काम. कल्पना चांगली आहे, खोटं कशाला बोलू. 2024 च्या सप्टेंबरपासून तर जिल्ह्यातल्या कुठल्याही नोंदणी ऑफिसात दस्त करता येतो, म्हणजे बेळगावात स्लॉट नसला तर खानापूर बघा, बैलहोंगल बघा. आमच्या ओळखीचे एक जण खरंच असे लांबच्या तालुक्याला जाऊन काम उरकून आले आणि मधे चांगलं जेवूनही आले म्हणे.

आता आमचं. ऑफिस कुठलं ते सांगत नाही, सांगून तरी काय होणाराय. स्लॉट सकाळचा होता. चंदगडची आत्या पहिल्या एस्टीनं निघाली. तिचं तिकीट हा एक वेगळाच विषय आहे, महाराष्ट्राच्या एस्टीत बायकांना अर्धं तिकीट, पण ते शिनोळीपर्यंत, तिथं हद्द संपली की पुढं पूर्ण. आणि इकडं आपल्या बसमध्ये बायकांना फुकट, पण आधारवर पत्ता कर्नाटकातला पाहिजे, जो तिचा नाही. जन्म बेळगावचा, शाळा बेळगावची, आणि कंडक्टर विचारतोय आधार कुठलं वो मावशी.

असो. सगळी माणसं वेळेच्या आधी हजर, दोन साक्षीदारांसकट. बाँड रायटरनं कन्नडमधला दस्त आत्यांना मराठीत वाचून दाखवला, म्हणजे वाचला असं म्हणायचं, सर्वे नंबर आणि चतुःसीमा सोडून बाकी सगळं "हे नेहमीचंच असतंय" असं म्हणून पुढं सरकला. मग आमची वेळ झाली, आणि आतनं आवाज आला, "सर्वर इल्ला री," म्हणजे सर्वर नाही. किती वेळ? माहीत नाही. थांबू का जाऊ? थांबा. अकरा वाजले, बारा वाजले, गडहिंग्लजच्या आत्याला बिस्किटं दिली, बाहेर बसायला एकच बाकडं आणि त्यावर आधीच्या स्लॉटवाली माणसं. जेवणाची सुट्टी मात्र बरोबर वेळेवर झाली, तिला काय सर्वर लागत नाही. चारच्या सुमाराला सांगितलं, नाळे बर्री, म्हणजे उद्या या.

नाळे! पुण्याची माणसं रात्रीच्या गाडीनं परत जाणार होती.

मला राग सर्वरचा नाही. मशीन आहे, बंद पडणारच, 2025 च्या जानेवारीत तर कुणीतरी बोगस अकाउंटं उघडून कावेरीवर मारा केला होता आणि राज्यभरची रजिस्ट्रेशनं अडकली होती, त्यात खिडकीतल्या क्लार्कचा काय दोष. राग याचा आहे की स्लॉट फक्त आम्हाला बांधतो. आम्ही उशीर केला तर गेला, एक माणूस कमी पडला तर गेला. पासपोर्टचं बघा, वर्षात तीनदाच तारीख बदलता येते, त्यापुढं नाही. म्हणजे आमच्या चुका मोजून ठेवायची सोय आहे. त्यांच्या बाजूनं चुकलं तर ते कुठं मोजतात? सकाळी आठला जर समजलं असतं की आज कठीण आहे, तर एक मेसेज टाकायचा, ओटीपी पाठवताना तर दहा सेकंदात येतो की. आणि रद्द झालेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी पहिला नंबर द्यायचा, परत शेवटापासून कॅलेंडर उघडायला लावायचं नाही. एवढंच.

बाँड रायटर म्हणाला सकालामध्ये तक्रार घाला, पेपरातला सकाळ नव्हे, सरकारी कामं मुदतीत व्हावीत म्हणून असलेली कर्नाटकची सकाला. कायदा आहे खरा, 2011 चा, ठरलेल्या मुदतीत काम नाही झालं तर दिवसाला 20 रुपये भरपाई, जास्तीत जास्त 500. मी हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, वीस रुपये त्यांनाच ठेव म्हणावं, एक बाकडं तेवढं घाला.

शेवटी पुण्याच्या आत्यासाठी मुखत्यारपत्र करायचं ठरलंय, म्हणजे तिला परत यायला नको, तिच्या वतीनं तिचा मुलगा कधीतरी एकटा येऊन सही करेल. पण ते मुखत्यारपत्र ती राहते तिथल्या नोंदणी ऑफिसात तिनं स्वतः जाऊन करायला लागतंय. तिकडं महाराष्ट्रात पण ऑनलाईन वेळ घ्यायची सोय आहे. आतेभाऊ काल रात्रीपासून बघतोय, मघाशी फोन केला होता, म्हणाला पेज गोल गोल फिरायलंय.